भिंती माझ्या, जमीन लुआची

फाम थी लुआ हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. हनोईतल्या एका गॅलरीत ते एकदाच, एका संध्याकाळी, जेमतेम तासभर लागलं होतं. लावणारी मी. त्यानंतर तिच्या हातातलं काम सुटलं ते सुटलंच. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं. दुसरं कोणी लिहिलं तर मला सांभाळून घेईल, आणि ते मला नको आहे.

लुआ मला पहिल्यांदा भेटली एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात. हनोईवर बॉम्ब पडायला लागले तसं आमचं चित्रकलेचं कॉलेज खेड्यापाड्यांत हलवलं. छापचित्रांच्या वर्गातल्या आम्ही सात मुली कौ नदीकाठच्या फू लांग या गावी, कुंभारांच्या घरांत वाटल्या गेलो. मी लुआच्या वडिलांकडे. मी वीस वर्षांची, ती अठरा.

पहिल्याच सकाळी थप, थप, थप अशा आवाजानं जाग आली. बाहेर आले तर अंगणभर मातीच्या लांबट पेट्या वाळत घातलेल्या. मी दात घासायला त्यातल्याच एका पक्क्या भाजलेल्या पेटीवर टेकले. समोर उकिडवी बसून माती थापटणारी पोरगी मान वर न करता म्हणाली, "बसा ताई, खुशाल बसा. मालक अजून मेलेला नाही."

तेव्हा मला कळलं की मी अस्थींच्या पेटीवर बसले आहे. आमच्याकडे माणूस पुरला की तीन वर्षांनी त्याला उकरतात, हाडं सुवासिक पाण्यानं धुतात, पायापासून डोक्यापर्यंत क्रमानं मातीच्या पेटीत मांडतात आणि मग कायमचं ठेवतात. ते मला ठाऊक होतं, माझ्या आजोबांचं झालेलं मी पाहिलं होतं. पण त्या पेट्या कोणीतरी सकाळी उठून, चहा पिऊन, गप्पा मारत करत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. फू लांगमध्ये तडकलेल्या पेट्या एकावर एक रचून कुंपणाच्या भिंती घालतात. सबंध गावच तसं. चार दिवसांत मला त्याचं काही वाटेनासं झालं.

पेटी चाकावर होत नाही. मातीच्या जाड पोळ्या थापायच्या, लाकडी साच्यात उभ्या करायच्या, कोपरे ओल्या मातीनं सांधायचे. वरचं झाकण घराच्या छपरासारखं. मग राख, चुना आणि नदीचा गाळ यांची झिलई चढवायची. भट्टीतून निघते तेव्हा वाम माशाच्या कातडीसारखा तपकिरी-पिवळा रंग. हे सगळे करत. लुआ आणखी एक गोष्ट करायची. सगळं झाल्यावर हात कोपरापर्यंत पेटीत घालून ती आतली बाजू आधी ओल्या फडक्यानं आणि मग शिंपल्यानं घोटत बसायची. बाहेरच्या बाजूला एक वेळ बोटांचे ठसे राहतील, आत नाही. तिचा बाप करवादायचा की आतलं कोण बघतंय, तेवढ्या वेळात दुसरी पेटी झाली असती. लुआ म्हणायची, "बघत नाही कोणी. पण राहतं कोण तिथं?"

तिची जीभ भारी तिखट होती. पेटीची लांबी मांडीच्या हाडावर ठरते, त्यामुळे समोर आलेल्या कुणाच्याही मांडीकडे तिची नजर आधी जायची. आमच्या सरांना तिनं पहिल्या भेटीत सांगितलं होतं की तुम्हाला नेहमीच्या मापाची चालेल, पण या विएनताईला, म्हणजे मला, खास करून घ्यावी लागेल, आत्ताच सांगून ठेवा. सर दोन दिवस तिच्यासमोर आले नाहीत.

मी लाकडावर कोरायचे, ती माझा ठोकळा धरून बसायची. छापलेल्या कागदाखाली मी पेन्सिलीनं आकडा आणि नाव लिहायचे, तीन बटा वीस, चार बटा वीस, आणि प्रत्येक खेपेला सही. ते तिला अतिशय विनोदी वाटे. "इतक्यांदा स्वतःचं नाव लिहिता? विसरायला होतं का?" मी तिला समजावलं की वीस प्रती वीस घरी जाणार, नाव नसलं तर कोणाचं काम ते कळणार कसं. ती म्हणाली, माझ्या पेट्या तर शेकडो घरांच्या शेतात गेल्यात, कोणी विचारत नाही ते बरंच आहे.

नंतर मी हनोईला परतले, नोकरीला लागले, मुलांना कोरणी धरायला शिकवत तीस वर्षं काढली. तिचं लग्न गावातच एका लष्करी ट्रकवाल्याशी झालं. तो युद्धातून परत आला, एका कानानं बहिरा होऊन. गावातल्या सगळ्या भट्ट्या सहकारी संस्थेच्या झाल्या त्या काळात तिनं दिवसभर गटाराचे नळ केले आणि उरलेल्या वेळात घरी पेट्या. चौऱ्याण्णव साली नवरा गेला. तीन वर्षांनी त्याची पेटी तिनंच केली, नेहमीपेक्षा चार बोटं लांब. मी त्या विधीला गेले होते. मला म्हणाली, "उंटासारखा माणूस. जन्मभर पलंगाच्या बाहेर पाय काढून झोपला. आता तरी नीट मावू दे." मग नाक पुसून सगळ्यांना जेवायला वाढायला उठली.

तिचा मुलगा दोआन. त्याच्याबद्दल वाईट लिहावं असं माझ्याकडे काही नाही. संस्था मोडल्यावर त्यानं स्वतःची भट्टी घातली. फुलदाण्या, दिवे, हॉटेलांच्या भिंतींवर लावायच्या मोठमोठ्या मातीच्या पाट्या. पर्यटकांच्या बसगाड्या त्याच्या दारात थांबायला लागल्या. पाहुणे अंगणातल्या पेट्यांचे हौसेनं फोटो काढत, मग वाटाड्याला विचारत हे काय, आणि उत्तर ऐकून काही न घेता गाडीत जाऊन बसत. शिवाय लोकांनाही आता पांढऱ्या चकचकीत, रंगीत ड्रॅगन काढलेल्या पेट्या हव्या असतात. लुआच्या तपकिरी पेट्या भट्टीत सगळ्यात खालच्या थरात लागायच्या, आणि तोच थर दोआनला त्याच्या पुरुषभर उंचीच्या फुलदाण्यांसाठी हवा होता. बरीच वर्षं तो काही बोलला नाही. दोन हजार अठराच्या वसंतात बोलला. येत्या नववर्षाच्या आधीची भट्टी शेवटची, आई. त्यानंतर पेट्या नकोत. तुझं वयही झालं.

लुआनं मला फोन केला. रडायला नव्हे, ती रडणारी नाही. नाळीच्या भाजीचा भाव, गुडघे, सुनेची आई असं सगळं बोलून झाल्यावर शेवटी म्हणाली, "तो म्हणतो आराम कर. ताई, आराम कसा करतात? तू करतेस का?"

आता मी काय केलं ते सरळ सांगते. बाख नावाचा माझा एक जुना विद्यार्थी पॅरिसला शिकून आला होता आणि त्यानं हनोईत होआन कीएम तळ्यामागच्या गल्लीत लहानशी गॅलरी उघडली होती. त्या नोव्हेंबरात तो माझ्या पन्नास वर्षांच्या छापचित्रांचं प्रदर्शन लावणार होता. जागा बघताना तो म्हणाला होता, "बाई, भिंती तुमच्या झाल्या. पण मधली जमीन ओकीबोकी दिसतेय." हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. लुआचा फोन आला आणि मला एका दगडात दोन पक्षी दिसले. माझी जमीन भरेल, आणि राजधानीत लोक आपल्या आईच्या पेट्यांकडे बघताहेत हे पाहून दोआनचं मन वळेल. दुसरं कारण खरं होतं. पण पहिलं आधी सुचलं होतं.

मी फू लांगला गेले. दोआनला वाटलं मी त्याच्या फुलदाण्या मागायला आले आहे. बिचाऱ्यानं चांगल्या चांगल्या पुसून ठेवल्या. लुआनं एकच अट घातली: पेट्या असतील तर ती येईल, आणि झाकणं उघडी ठेवायची. लोकांना आत बघू दे. साठ वर्षांत एकदा. दोआन म्हणाला मावशी, शहरातले लोक नाकं मुरडतील, आईचा अपमान होईल. मी म्हटलं, नाही मुरडणार. आणि त्याच्यादेखत लुआला शब्द दिला की प्रदर्शनानंतर हा स्वतःहून तुला भट्टीतली जागा देईल. दोआन हसला. म्हणाला, तसं झालं तर देईन की.

बाखही कुरकुरला. उद्घाटनाला लोक वाइन प्यायला येतात बाई, तिथं हे कुठं. मी त्याला विचारलं, "तुझी आजी कशात ठेवलीस? बिस्किटाच्या डब्यात?" तो जमीन मोजायला लागला.

राहिली सही. मी लुआला म्हटलं, पेटीच्या तळाला बारीक अक्षरात नाव कोर. माझ्या वर्गात मी तीस वर्षं हेच शिकवलं होतं की सही नसलेलं काम अनाथ. लुआनं शिंपला खाली ठेवला. "ताई, पेटीवर नाव एकाचंच असतं. आत जो असेल त्याचं."

मी वाद घातला नाही. बरं बाई, नको कोरूस, म्हटलं. मनात म्हटलं, नावाचं मी बघून घेईन.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी छापखान्यातून कार्डं आली. माझ्या चित्रांसाठी आणि तिच्या वस्तूंसाठी सारखीच, ती मीच लिहून दिली होती: पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत नाव, जन्मसाल आणि सालापुढे एक रेघ, गॅलऱ्यांत लिहितात तशी. माझी कार्डं चित्रांशेजारी भिंतीवर लागली. पेट्यांबरोबर लुआनं केलेले चार रांजणही आणले होते, ते चौथऱ्यांवर होते, त्यांच्या कार्डांचीही सोय झाली. पाच पेट्या मात्र जमिनीवरच होत्या. पेटी उंचावर ठेवायची नाही, तिची जागा जमिनीतच, असं लुआनं बजावलं होतं. पाचही पेट्यांना मिळून कार्ड एक. ते ठेवायचं कुठं? फरशीवर ठेवलं तर लोकांच्या पायाखाली येणार. माणसाचं नाव पायदळी तुडवलं जाणं मला बरं दिसेना. म्हणून मी गुडघे टेकून, सगळ्यात मोठ्या मधल्या पेटीच्या दर्शनी बाजूला, बरोबर मध्यावर, ते कार्ड चिकटवलं. वाकडं लागलं होतं, काढून पुन्हा सरळ लावलं.

तेवढ्यात अभिनंदनाच्या फुलांच्या परड्या यायला लागल्या. फुलवाला त्या भिंतीशी ठेवत होता, माझी चित्रं झाकली जात होती. मी म्हटलं, तिकडे नको, इथं मध्ये ठेव, त्या पेटीच्या दोन्ही बाजूंना. त्यानं ठेवल्या. पिवळी शेवंती आणि पांढऱ्या लिली. मी चार पावलं मागं होऊन बघितलं आणि मला ते छान वाटलं.

हे मी आज लिहिते आहे तेव्हा शाळकरी पोरालाही दिसेल असं चित्र डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी मला दिसलं नाही. आयुष्यभर बघायचंच काम केलेली बाई मी. मला तेव्हा फक्त मांडणी दिसत होती.

पाचला लोक आले. फू लांगची गाडी रस्त्यात अडकली होती, ती अर्धा तास उशिरा पोचली. लुआ, दोआन, सून, लुआची नणंद आणि शेजारपाजारचे आठ-नऊ जण, सगळे नवे कपडे घालून, दारातच चपला काढायच्या की नाही यावर घोटाळलेले. मी पुढे होऊन त्यांना आत घेतलं. गर्दी बरीच होती, ती मंडळी दारालगतच्या पेट्यांशी उभी राहिली. मधली पेटी लोकांच्या आड होती.

आणि माझं म्हणणं खरं ठरत होतं. लोक वाकून पेट्यांच्या आत बघत होते. कोपऱ्यातल्या पेटीशी एक म्हातारे गृहस्थ, निवृत्त डॉक्टर असावेत, खाली बसले, बाही वर सारली आणि हात आत घालून तळावरून, कडांवरून फिरवत राहिले. मग बायकोला म्हणाले की आईला आपण सिमेंटच्या पेटीत ठेवलं, तेव्हा हे माहीत असतं तर. बायकोनंही हात घातला. दोआन त्यांच्या मागंच उभा होता. मी लांबून त्याचा चेहरा पाहिला. आपल्याच घरातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात बघावी तसा तो बघत होता.

दहा मिनिटांनी लुआ गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. मी एका वर्तमानपत्रवाल्याशी बोलत होते. तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं कानशीसारखी खरखरीत.

"ताई, दोआन म्हणाला, नववर्षाच्या भट्टीतला खालचा थर तुझा. आणि पुढच्या वर्षीचाही. आपणहून म्हणाला, मी काही बोलले नव्हते."

माझ्या ओळखीत लुआ अशी कधी दिसली नव्हती. तिला बसायचं होतं माझ्याजवळ, दोन शब्द बोलायचे होते. मी काय म्हटलं? म्हटलं, सांगितलं होतं ना मी. आणि म्हटलं, चल, त्या मधल्या पेटीशी उभी राहा, यांना फोटो हवाय. बाकी नंतर बोलू. मी तिला हाताला धरून ओढतच नेलं.

तिथं गावची मंडळी आधीच पोचली होती. अर्धगोल करून उभी होती. नणंदेनं तोंडावर हात ठेवला होता. सून खाली वाकून शेवंतीची परडी बाजूला सरकवत होती, घाईघाईनं. मी तिला म्हणणार होते की राहू दे गं ती तिथं.

लुआनं सगळ्यांकडे बघितलं, मग कार्डाकडे. चष्मा तिनं आणला नव्हता. "काय लिहिलंय?" सगळे माझ्याकडे वळले. तिनं मला विचारलं, "ताई, काय लिहिलंय ते वाच की."

मी वाचलं. "फाम थी लुआ. जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही. रेघ आहे."

"रेघ कशाला?"

मी सांगायला म्हणून पेटीकडे वळले. उघडी पेटी, झाकण बाजूला काढून ठेवलेलं, दोन्ही अंगांना फुलं, दर्शनी बाजूला तिचं नाव, जन्माचं साल आणि पुढच्या सालासाठी सोडलेली जागा. माझाच आवाज कानावर पडला तेव्हा मला ते दिसलं.

लुआला माझ्याआधी कळलं होतं. ती म्हणाली, "अस्सं. उरलेलं नंतर भरायचंय होय." आणि हसली. तिनं सगळ्यांकडे बघितलं, कोणीतरी हसावं म्हणून. वर्तमानपत्रवाल्यानं नेमका तेव्हा फोटो काढला.

दोआन पुढे झाला. त्यानं कार्ड उचकटलं नाही. नखानं एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवलं, म्हणजे फाटू नये, कारण त्यावर आईचं नाव होतं. दोन्ही हातांनी धरून खिशात ठेवलं. मग झाकण उचलून पेटीवर बसवलं, आणि लगेच, जणू भाजल्यासारखं, पुन्हा काढलं. झाकण लावणं जास्त वाईट की उघडं ठेवणं, ते त्याला ठरवता येईना. पन्नाशीला आलेला माणूस, झाकण हातात घेऊन तसाच उभा. शेवटी बाखनं ते त्याच्याकडून घेतलं, आणि रांजणांपाशी लावलेली तिची कार्डंही काढून टाकली. दोआननं वर्तमानपत्रवाल्याला अगदी नम्रपणे विनंती करून तो फोटो पुसायला लावला. मला म्हणाला मावशी, आम्ही निघतो, गाडीवाल्याला उशीर होतोय. जेवायचं सांगितलेलं होतं, तरी कोणी थांबलं नाही. लुआ जाताना वळून बघत होती, पेट्यांकडे की माझ्याकडे, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात पुजाऱ्याला बोलावलं. त्यानं कार्ड जाळलं, राख नदीत सोडली आणि सांगितलं की वर्षभर म्हातारीनं मातीला हात लावायचा नाही. नववर्षाच्या भट्टीत खालच्या थरात फुलदाण्या लागल्या. अंगणातल्या कच्च्या पेट्या पाण्यात विरघळवल्या. साचे दोआननं पलीकडच्या गावातल्या कुणाला देऊन टाकले.

मी वसंतात गेले ते भांडायच्या तयारीनं. दोआनला सगळं ऐकवलं. कार्ड मी लावलं, चूक माझी, शिक्षा तिला का. छापखान्यातला कागदाचा तुकडा तो, त्यानं कोणी मरत नाही, सत्तर वर्षांच्या बाईला तू रिकामं बसवून मारशील त्याचं काय. शिकलेल्या माणसानं बोलावं तसं सगळं मुद्देसूद बोलले. तो चहा ओतत ऐकत होता.

"मावशी, तुमचं खरं आहे. मलाही रोज दिवसा असंच वाटतं. पण समजा, तुमच्या आईचं नाव असं लागलं असतं, चार माणसांनी पाहिलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला पेटी करायला बसवलं असतं?"

मी म्हटलं, बसवलं असतं.

"मग तुम्ही माझ्यापेक्षा धीट आहात," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. बसवलं असतं की नाही हे मला खरोखर माहीत नव्हतं.

पुजाऱ्याचं वर्ष कधीच संपलं. दोआननं ते आपल्या मनानं वाढवलं, आणखी एक, आणखी एक. लुआनं एकदाही मागणं केलं नाही. तिला ओसरीवर गादीची खुर्ची दिली आहे, मोठा टीव्ही दिला आहे. सून तिच्या ताटात माशाचा चांगला तुकडा वाढते. बसगाड्या येतात, परदेशी बायका तिच्याबरोबर फोटो काढतात. तिचे हात आता मऊ झाले आहेत. माझं मनगट धरते तेव्हा मला ते आवडत नाही.

मी दोन-तीन महिन्यांनी जाते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले होते, तेव्हा घरात दोघीच होतो. टीव्हीसमोर बसून मिठातली वांगी आणि भात खाल्ला. मी विचारलं, सहा वर्षं विचारायचं टाळलं होतं ते. माझ्यावर रागावलीस का?

ती वांग्याचा देठ चोखत होती. "नावाचं तुला सांगितलं होतं, ताई."

"हो, सांगितलं होतंस."

"मी एरवी कुणाला काही सांगत नाही. तुला सांगितलं होतं."

मी म्हटलं, मी आज पुन्हा दोआनशी बोलते. आता तो ऐकेल, इतकी वर्षं झाली, तुला काही झालेलं नाही. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"बोलू नकोस. त्याला विचारलंस तर तो हो म्हणेल. मी बसेन कामाला. आणि मग उद्या मला साधा ताप आला तरी तो झोपायचा नाही. मी गेले तर, जाणारच आहे मी कधीतरी, तो उरलेला जन्म स्वतःला खाईल की आईला मातीला हात लावू दिला म्हणून गेली. मी खुर्चीत बसलेली असताना गेले म्हणजे त्याच्या डोक्याला ताप नाही." मग म्हणाली, "मला काम नकोसं झालंय असं समजू नकोस हां. रोज सकाळी हात शिवशिवतात. पण त्याला सांगायचं नाही. वचन दे."

मी वचन दिलं.

संध्याकाळी दोआन मला मोटारसायकलवरून बसथांब्यावर सोडायला आला, नेहमी येतो तसा. बस यायला वेळ होता. त्यानं गाडी उभी केली, शेजारच्या टपरीवरून माझ्यासाठी उकडलेल्या शेंगा आणल्या. तोही म्हातारा दिसायला लागला आहे. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मावशी, आई तुमच्याशी मोकळं बोलते. कधी काही म्हणते का? कामाबद्दल? तिला करायचंय का अजून? माझ्यापाशी ती बोलत नाही. तिनं एकदा म्हटलं ना, तर मी साचे परत आणीन, कोणाला दिलेत ते मला माहीत आहे."

जन्मभर मी लोकांना तोंडावर खरं ते सांगत आले. विद्यार्थ्यांना सांगितलं, मंत्र्यासंत्र्यांना सांगितलं, त्यानं माणसं दुखावली तरी सांगितलं. इथं एक शब्द पुरे होता.

मी म्हटलं, "नाही रे. ती सुखात आहे."

"खरंच ना?"

"खरंच. मला म्हणाली, आता कुठं जरा निवांत झाले."

दोआननं मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे एकदम खाली आले. मला म्हणाला की फार बरं वाटलं मावशी, हे विचारायचं कितीतरी दिवस मनात होतं. बस आली तेव्हा त्यानं माझी पिशवी वर चढवून दिली, खिडकीशी जागा बघून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत खाली हात हलवत उभा होता.